व्यंकटचा होकार

वाशीत शिवराजशेठच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार होतात. तेव्हा एकाच छपराखाली इकडं पत्र्यावर घण पडे, ग्राइंडर किंचाळे आणि तिकडं थिनर मिसळून रंगाचे फवारे उडत. रंग मारणाऱ्या व्यंकटला हल्ली हाक ऐकू जात नसे. पोरं चिडवत आणि शेठ सगळ्यांत मोठ्यानं हसत. कानात घालायला बोळे आणून दिले, आता मालकाचं काम संपलं, असं त्यांना वाटे. चारचौघांत शोभा नको म्हणून व्यंकट कशालाही ‘व्हय’ म्हणून मोकळा होई.

त्याच्या लेकीला, श्रावस्तीला, बघायला माकणीचे पाहुणे आले. ती नर्सिंग शिकत होती. मध्यस्थ शिवराजशेठच होते. मुलाच्या मामानं विचारलं, लग्नानंतर शिक्षण बंद केलं तर चालेल ना?

“व्हय, व्हय,” व्यंकट हसून म्हणाला.

श्रावस्तीचा चेहरा पडला. तिच्या शिक्षणासाठी जिवाचं रान करणारा बाप असं बोलला! शिवराजशेठना मात्र खरं काय ते उमगलं, आणि त्यांना मान वर करवेना.

“थांबा पाव्हणं,” ते कसेबसे म्हणाले. “त्येला ऐकूच आलं न्हाय. त्येचे कान माझ्या शेडमधी गेलेत. म्या बघत हुतो आन् हसत हुतो.”

श्रावस्तीनं बापाच्या कानाशी जाऊन तोच प्रश्न मोठ्यानं विचारला. व्यंकट ताडकन उभा राहिला.

“न्हाय! पोरगी शिकणार.”

कळवतो म्हणून पाहुणे उठले, ते पुन्हा फिरकले नाहीत. शेठ ओशाळून म्हणाले, उद्याच भारीतले बोळे आणतो.

“काका, बोळ्यानं आवाज अडंल, थिनर कसा अडंल?” श्रावस्ती म्हणाली. “त्येची वाफ श्वासातनं रक्तात जाते आन् आतनं कान खराब करते. वर ही ठणठण. दोन्ही मिळून लई वाईट. माझ्या आण्णांचं गेलेलं आता परत येत न्हाय. पर बाकीच्यांचे कान अजून शाबूत हायत.”

त्या रात्री शेठना झोप लागली नाही. पुढं त्यांनी रंगकामाला वेगळी खोली बांधली, वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवला, थिनरची वाफ रोखणारे मास्क आणले, सगळ्यांचे कान तपासून घेतले. मग सर्व कामगारांसमोर त्यांनी व्यंकटची माफी मागितली. ती त्यांना ओरडून मागावी लागली, आणि या वेळी कुणीच हसलं नाही.

मंडळी, आपला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर त्याची थट्टा करण्याआधी आपल्या कामाच्या जागेचा आवाज आणि हवा दोन्ही तपासा. माफी मागून मन हलकं होतं, गेलेले कान मात्र परत येत नाहीत.