पातेल्याच्या मापाची खिडकी

वासंतीबाईंची एकतीस वर्षं खिडकीमागे गेली. कराडच्या एसटी स्टँडवरची आरक्षणाची खिडकी. काचेला बोलण्यापुरतं गोल भोक आणि खाली हात जाईल एवढी फट. समोरच्याचा चेहरा अर्धामुर्धा दिसायचा, हात मात्र पुरते दिसायचे. हिरव्या चुड्याचा हात माहेरी निघालेला, घाम पुसणारा हात मुलाखतीला निघालेला. हातांवरून त्या माणूस ओळखत. आणि त्या खिडकीमागून त्या कुणाला भ्यायल्या नव्हत्या. "आधी रांगेत या, मग काय ते भांडा," असं त्यांनी एका आमदाराच्या मेहुण्यालाही सुनावलं होतं.

बंगळूरला लेकाकडे आल्या आणि आवाज कुठे गेला कोण जाणे. महादेवपुऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तनयचा, फ्रीज तनयचा, चहाची वेळही त्याच्या मीटिंगांची. लेकाच्या घरात आपण काय मागायचं? 'तू म्हणशील तसं' हेच त्यांचं बोलणं होऊन बसलं.

एकच जागा त्यांची होती, स्वयंपाकघरातली खिडकी.

दोन इमारतींत अंतर साडेतीन फूट. खिडकीसमोर खिडकी, आणि पलीकडे जमनाबाई. चारशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज घोड्यावरून इकडे आले आणि हवा बरी वाटली म्हणून राहिले, असं त्या सांगत. मराठी बोलत, पण मध्येच कन्नडचा एखादा खडा टाकत. आधी दिसले होते त्यांचे हात, कढीपत्ता खुडणारे. वासंतीबाई मनात म्हणाल्या, हे हात दुसऱ्याला दिल्याशिवाय जेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याची डहाळी इकडे आली. पाचव्या दिवशी शेंगदाण्याची चटणी तिकडे गेली. मग काही मोजायचं उरलंच नाही. सकाळी पोळ्या लाटता लाटता वासंतीबाई गुणगुणत,

*शेजीबाईची खिडकी ग, माझ्या खिडकीला लागून,*
*हळद दिली वाटीभर, हसू घेतलं मागून.*

पलीकडून जमनाबाई म्हणत, "अक्का, पुढचं स्वल्प सावकाश म्हणा. मला पाठ करायचंय."

तनयला यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा तो आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून असे. त्याला ठाऊक होता तो आईचा खोकला. मागच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं होतं, दिवसभर धूळ आणि दगड कापायच्या मशीनची किरकिर. त्याने मनापासून शोधाशोध केली आणि शुक्रवारी जेवताना सांगितलं, "आई, तुझ्या खिडकीला फिक्स्ड डबल ग्लास बसवतोय. धूळ नाही, आवाज नाही. उद्या माणूस येतोय मापाला."

"फिक्स्ड म्हणजे?"

"उघडायचीच नाही. झंझट नाही."

वासंतीबाईंच्या हातातला घास थांबला. न उघडणारी खिडकी म्हणजे भिंतच, फक्त पलीकडचं दाखवून जीव जाळणारी. पण लेक केवढ्या मायेने बोलत होता.

"तू म्हणशील तसं," त्या म्हणाल्या.

शनिवारी दहाला हंबीरराव आले. पांढऱ्या मिशा, कानाला पेन्सिल, खिशात टेप. बोम्मसंद्र्याला त्यांचा खिडक्यांचा कारखाना होता, पण मापाला ते स्वतः येत. खिडकीपाशी उभे राहिले आणि टेप काही बाहेर काढेनात.

"काका, साइज मी मेलवर पाठवलीय," तनय म्हणाला. "तीन बाय तीन. फिक्स्ड."

"ती भोकाची साइज झाली, अण्णा. खिडकीचं माप मी माणसाला विचारून घेतो. कुणाला सरकती लागते, कुणाला दारासारखी पाखाची, कुणाला वरून झुलणारी. देवघराला झरोका, न्हाणीला झडप. एका म्हाताऱ्याला मी गुडघ्याएवढ्या उंचीवर करून दिली. पडल्यापडल्या त्याला चिंच दिसायला हवी होती." ते वासंतीबाईंकडे वळले. "अक्का, या खिडकीतून काय काय येतं-जातं?"

वासंतीबाईंनी पदर सारखा केला. "काय येणार? वारा येतो. उजेड येतो."

"खोटं," पलीकडून आवाज आला. जमनाबाई विळीवरून उठून खिडकीत आल्या होत्या. "काल माझ्याकडून नाचणीच्या मुद्द्याचे गोळे गेले. परवा त्यांच्याकडून भरली वांगी आली. गौरीला पुरणपोळ्या. माझ्या नातवाची गणिताची वही जाते, तपासून परत येते. उजेड म्हणे! उजेडाला मी अडवून उभी असते दिवसभर."

तनय आईकडे बघत राहिला. "वही?"

"गुणाकारात कच्चा आहे रे तो," वासंतीबाई खालच्या मानेने म्हणाल्या.

हंबीररावांनी आता टेप काढला. "सगळ्यात मोठं काय गेलंय?"

"सांबाराचं पातेलं," जमनाबाई म्हणाल्या. "पण ही खिडकी अर्धीच सरकते, फट अपुरी पडते. तिरपं करून द्यावं लागतं, मग सांडतं."

"म्हणजे ती भिंतीवरची पिवळी रेघ?" तनयने विचारलं.

वासंतीबाई पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागल्या.

"मी बिल्डरला तीन मेल केलेत. पाइप गळतो म्हणून. दोन प्लंबर येऊन गेले."

"ते बिचारे वास घेत होते खरे," जमनाबाई म्हणाल्या. "एकाला मी विचारलं पण, जेवून जातोस का?"

तनयला हसू आवरेना. वासंतीबाईंनाही आवरेना, पण त्यांचं हसू खोकल्यात गेलं. तनयचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. त्याने आईला पाणी दिलं.

"हेच म्हणतोय मी. उघडी ठेवली की धूळ. आई, आता तूच सांग. मी म्हणतो ते सोड. तुला काय हवंय?"

एवढं साधं विचारलं त्याने. वासंतीबाईंनी ओट्याच्या कडेला हात टेकले. स्टँडवर टेबलाला टेकायच्या तसेच.

"मला उघडणारी हवी," त्या म्हणाल्या. "मशीन सुरू झालं की मी लावून घेईन, जीव माझाच आहे. पण सकाळी आठ ते दहा ती उघडी राहील. संध्याकाळी दिवा लावल्यावर परत. तुझ्या घरात सगळं आहे, तनू. फक्त दिवसाचं माझ्याशी बोलणारं कुणी नाही. ती एक खिडकी बोलते, ती तेवढी बंद करू नकोस."

तनयने खिडकीबाहेर वाकून ती पिवळी रेघ पाहिली. मग हंबीररावांना म्हणाला, "काका, धूळ अडेल आणि पातेलंही जाईल, असं काही असतं का?"

"असतं की. काच डबलच घालू, कडांना रबर. पण तीन भागांची सरकती. दोन भाग तिसऱ्यामागे सरकतात, एवढी मोकळी होते." त्यांनी हात फाकून दाखवले. "पातेलं दाखवा, पलीकडच्या अक्का."

जमनाबाईंनी घासलेलं पातेलं दोन्ही कान धरून खिडकीत आणून टेकवलं. हंबीररावांनी टेपचं टोक त्यांच्या हाती दिलं. साडेतीन फुटांच्या पोकळीवर, दोन घरांच्या मधोमध, पिवळी पट्टी ताणली गेली, आणि जमनाबाईंनी ती पातेल्याच्या या कानापासून त्या कानापर्यंत धरली. खालून भाजीवाला वर बघत थांबला.

"कानांसकट एकोणीस इंच," हंबीरराव म्हणाले आणि वहीत लिहिलं. "सरी, ठरलं. बावीस मोकळी ठेवतो. हाताच्या बोटांना जागा हवी."

पंधरा दिवसांनी खिडकी बसली. हंबीररावांनी रबराच्या कडा चाचपून पाहिल्या आणि बाजूला झाले. "पहिल्यांदा घरच्या माणसाने उघडायची असते, अक्का."

तनयने हात पुढे केला होता, तो मागे घेतला. वासंतीबाईंनी एका बोटाने काच ढकलली. ती लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. बंद केली, मागची किरकिर थांबली. पुन्हा उघडली, समोर जमनाबाई.

"छान आहे," वासंतीबाई म्हणाल्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "हंबीरराव, आलाच आहात तर हॉलच्या खिडकीची खिट्टी पण बघा, नीट लागत नाही. आणि न्हाणीची झडप फारच उंचावर आहे, माझा हात पोचत नाही. ती खाली घ्यायची."

"आई, न्हाणीची पण?" तनय म्हणाला.

"न्हाणीची पण. आणि तू उभा काय राहिलास? त्यांना चहा ठेव. आलं घालून."