डासकाकांचा अननस

"हे काय?"

"अननस कापायचं यंत्र."

"ते खोक्यावर लिहिलंय. कशाला आणलंस?"

"अननस कापायला," बायको म्हणाली आणि गॅसवरचं दूध बघायला वळली.

डासकाकांनी खोक्याला हात लावला नाही. खोक्यावर एक बाई अननस हातात धरून हसत होती. त्यांना तिचंही हसणं बरं वाटेना. या घरात रविवारचा अननस कापायचा मान एकतीस वर्षं त्यांचा होता. साल काढायची, तिरक्या ओळी धरून खाचा पाडायच्या, डोळे उडवायचे आणि मग प्रत्येक फोडीवरून बोट फिरवून एकही डोळा राहिला नाही ना ते बघायचं. एक डोळा जरी जिभेला टोचला तरी सगळ्या अननसाची मजा जाते, असं ते दर रविवारी सांगत आणि घरातले दर रविवारी ऐकून घेत.

गेल्या रविवारी तीन डोळे राहिले होते. मुलीने ते तोंडातून काढून ताटलीच्या कडेला ठेवले. ती काही बोलली नाही, बायकोही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसांचा डासकाकांना हल्ली फार संशय येई.

डासकाका हे नाव त्यांना पेशंटांच्या मुलांनी ठेवलेलं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ते रक्त काढत. सुई कधी टोचली, कधी निघाली, समजत नसे, म्हणून डास. पुढे मोठी माणसंही त्याच नावाने विचारत येऊ लागली, कारण भल्याभल्यांना न सापडणारी शीर डासकाकांना सापडायची. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, नजर छताकडे लावायची, दोन बोटं कोपराच्या खळग्यात ठेवायची आणि म्हणायचं, "सापडली." शीर दिसावी लागत नाही, बोटाला लागावी लागते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेले चार महिने ती बोटाला लागत नव्हती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. आधी त्यांनी ते थंडीवर ढकललं, मग उशीखाली हात अडकण्यावर. आता ते शीर डोळ्यांनी शोधत, आणि ज्याची दिसत नसे त्याला "जरा पाणी पिऊन बसा" सांगून लॅबमध्ये नुकत्याच लागलेल्या नव्या बाईच्या रांगेत सोडत. कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. लॅबमध्ये कळलं असतं तर सुई हातातून गेली असती. आणि सुईवाचून आपण कोण, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. लॅबच्या डॉक्टर मॅडम हल्ली काचेमागे जरा जास्तच वेळ उभ्या राहतात, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. नव्या बाईने मंगळवारी उगीच विचारलं होतं, "काका, हात दुखतो का?" तिला काय करायचंय? घरात बायको हल्ली कप हातात न देता समोर ठेवून जायची. आणि आता हे यंत्र. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"कुठे बघितलंस हे?"

"शेजारच्या वहिनींकडे."

"त्यांना अननस चालत नाही. पित्त होतं."

"त्यांच्या सुनेला चालतो."

उत्तर फार पटकन आलं. तयार ठेवलेलं असावं.

"मी सुरीनेच कापणार," डासकाका म्हणाले.

"कापा की. पण आणलंय तर एकदा बघू. यात म्हणे डोळे काढावेच लागत नाहीत."

झालं. डोळ्यांचा विषय निघाला. आता मागे हटलं तर संशय पक्का होणार, म्हणून डासकाकांनी खोकं उघडलं. वर आडवी मूठ, मधे पोकळ नळी आणि नळीच्या टोकाला गोल फिरलेलं दातेरी पातं. सोबत कागद होता. तो त्यांनी जामीनपत्र वाचावं तसा दोनदा वाचला. आधी अननसाचा शेंडा उडवा, नळी मधल्या दांड्यावर बसवा, दाबून फिरवत खाली न्या, मग उपसा.

"म्हणजे शेंडा उडवायला सुरी लागणारच," ते म्हणाले. "मग यात यंत्र ते काय?"

"उडवा तर खरं."

त्यांनी शेंडा उडवला, यंत्र रोवलं आणि फिरवायला सुरुवात केली. आत करकर वाजू लागलं, कडेने रस वर आला. तोंडाचा पट्टा चालूच होता. पातं चार दिवसांत गंजणार, मूठ तुटणार, दुकानदाराने तुला गंडवलं. मग त्यांनी जोर लावून यंत्र उपसलं तर अख्खा गर चकत्या चकत्या होऊन नळीभोवती वर आला. मागे अननसाची साल तशीच उभी, आत रसाने भरलेली. मनातून त्यांना हे फार आवडलं आणि त्याचाच राग आला.

खोट काढायला त्यांनी सालीत हात घातला. "हे बघ, केवढा गर राहिलाय भिंतीला. सुरीने एवढा राहिला असता का? सांग की."

बायको गराकडे बघत नव्हती. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती.

"कापलंय," ती म्हणाली.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखाच्या खाली सुरी लागली होती, शेंडा उडवताना बोट मुठीवरून पात्यावर घसरलं असावं. रक्त रसात मिसळून मनगटापर्यंत ओघळलं होतं. अननसाचा रस जखमेत गेला की माणूस कसा उडतो, हे अननस कापणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

"झोंबतंय का?" बायकोने विचारलं.

डासकाकांनी बोटाकडे बघितलं. "झोंबतंय ना," ते म्हणाले. "भयंकर." आणि आठवण झाल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं.

बायकोने नळ सोडला आणि त्यांचा हात धारेखाली धरला.

"कधीपासून?"

"तुला कोणी सांगितलं? मॅडमनी फोन केला ना?"

"माझ्याकडे त्यांचा नंबरही नाही. उकळत्या चहाचा कप तुम्ही खालून धरून गप्पा मारत बसता. मुलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, बाबांचे हात आधीपासून तसेच आहेत. गेल्या रविवारी डोळ्यांचंही विचारत होती. म्हणून हे आणलं. यात डोळे राहायचा प्रश्न नाही, म्हणजे कोणी विचारायचा प्रश्न नाही."

डासकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने जिच्यावर पाळत ठेवली, ती त्यांचंच झाकत बसली होती.

बायकोने हात पुसले, बाही वर केली आणि डावा हात टेबलावर ठेवला. याच हातावर ते शिकले होते. लग्नानंतर सहा महिने कोपराच्या खळग्यात निळे डाग असायचे. माहेरच्यांना भलताच संशय येऊन मेव्हणा खास चौकशीला आला होता, आणि खुलासा ऐकल्यावर, आपली तपासणी नको, म्हणून चहा न घेता गेला होता.

"शोधा," ती म्हणाली.

त्यांची नजर सवयीने छताकडे गेली. शीर कुठे आहे ते त्यांना तोंडपाठ होतं, बोटं आपोआप तिथे पोचलीही. "सापडली" म्हटलं असतं तर बरोबरच ठरलं असतं. पण बोटांखाली काही नव्हतं.

"लागत नाही गं," ते म्हणाले.

तिने हात काढून घेतला नाही. "उद्या मॅडमना सांगा. आणि आधी स्वतःचं रक्त तपासा. दुसऱ्यांची साखर बघण्यात जन्म गेला तुमचा."

"माझं काढणार कोण?"

"नवी बाई आहे ना."

"तिचा हात जड आहे."

"असू दे," बायको म्हणाली आणि चकत्या ताटलीत काढू लागली.

सोमवारी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आधी तपासण्या करून घेऊ. पण तोवर तुम्ही काउंटरवर बसा. सुई नको." डासकाका "बरं" म्हणाले. मग आत जाऊन ते आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या खुर्चीत बसले.

नव्या बाईला वाटलं, काका आपली परीक्षा घेतायत. कॉलेजात जाणारी मुलं होती तिला, पण पट्टा तिने दोनदा सोडून पुन्हा बांधला. ती खाली वाकून शीर बघू लागली.

"बघू नका," डासकाका म्हणाले. "बोट ठेवा. लागेल."

तिने डोळे वर केले आणि दोन बोटं खळग्यात ठेवली. बराच वेळ गेला. बाहेर कोणीतरी डासकाका आहेत का, विचारत होतं.

"लागली," ती म्हणाली.

सुई आत गेली. चांगलीच टोचली. डोळ्यांत पाणी येईल इतकी.

"दुखलं का हो काका?"

"छे," डासकाका छताकडे बघत म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."