आजीचं गाव पेडणे

"हा शब्द तू लिहिलास?" मुक्ताने मोबाइल लेकीच्या तोंडासमोर धरला.

क्षितिजाने मान खाली घातली. "मी नाही. रेहान सरांनी. पण I saw it, आई."

ईमेल अमेरिकेतल्या एका कॉलेजकडून आला होता. क्षितिजा शिष्यवृत्तीच्या शेवटच्या फेरीत पोहोचली होती आणि आज चार वाजता व्हिडिओवर मुलाखत होती. सकाळी ते वाचून मुक्ताने देवापुढे साखर ठेवली. मग दुसऱ्यांदा वाचताना तो शब्द दिसला. शिष्यवृत्ती हिस्पॅनिक मुलांसाठी होती. ज्यांच्या घराण्याची मुळं मेक्सिको, क्यूबा, पेरू अशा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहेत, त्यांच्यासाठी.

"आपण कुठले गं स्पॅनिश?"

"सर म्हणाले, आजीचा जन्म पेडण्याचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. पोर्तुगीज काय, स्पॅनिश काय, तिकडे कोण बघतंय!"

मुक्ता खुर्चीत बसली. सतरा वर्षं ती इथे आखातात, खैतानच्या एका दवाखान्यात नर्स होती. कागदावरच्या एका अक्षराने काय होतं, ते तिने पाहिलं होतं. तिच्याबरोबर आलेल्या नीरजाचं नाव पासपोर्टात एक आणि राहण्याच्या परवान्यात दुसरं पडलं. ती चूक सरळ होईपर्यंत तिला देश सोडता आला नाही; तिकडे गावी वडिलांचे दिवसही उरकले.

तिने रेहानला फोन लावला. परदेशी कॉलेजांचे अर्ज भरून देण्याचा त्याचा धंदा.

"आंटी, अब पीछे हटोगे तो फ्रॉड माना जाएगा," तो शांतपणे म्हणाला. "बेटी का नाम ब्लॅकलिस्ट. जिंदगीभर व्हिसा नहीं. बस, मुस्कुराने को बोलो उसे."

मग तिने नवऱ्याला लावला. दत्तप्रसाद वाळवंटातल्या तेलविहिरीवर वेल्डर होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

"माका त्यातला काय कळणा नाय," तो म्हणाला. "पण तू गप रव. उगाच हंयसून सगळ्यांकाच परत धाडतीत."

चारला पाच मिनिटं असताना क्षितिजा लॅपटॉपसमोर बसली. मुक्ता टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. दवाखान्याचा गणवेश तिने घालून ठेवला होता. सहाला ड्युटी होती.

पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई आल्या. चेहरा प्रेमळ. आधी विज्ञानाचे प्रश्न झाले. क्षितिजा घडाघडा बोलली. मुक्ताला वाटलं, निभतंय. मग बाई हसून काहीतरी म्हणाल्या, ते इंग्रजी नव्हतं.

क्षितिजाचे ओठ उघडे राहिले.

"घाबरू नकोस," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्यातल्या कितीतरी मुलांना आता स्पॅनिश येत नाही. आजी घरी काय बोलायची, एवढंच विचारलं. माझी आई टोमॅटोच्या मळ्यात राबायची. तिच्यासारख्यांनी वर्गणी काढून हा निधी उभा केला, म्हणून घरचं विचारते."

क्षितिजाने आईकडे पाहिलं. लहानपणी इंजेक्शनच्या आधी पाहायची, तसं.

मुक्ताला नवऱ्याचं बोलणं आठवलं. रेहानचंही. तरी तिने खुर्ची सरकवली आणि ती कॅमेऱ्यासमोर आली.

"मॅडम, मी हिची आई," ती दवाखान्यात बोलायची तशा मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आम्ही कोकणातले मराठी लोक. हिची आजी कोकणी बोलायची. आम्ही हिस्पॅनिक नाही. फॉर्मवर खोटं लिहिलंय. अर्जावर पालक म्हणून मी न वाचता सही केली. हे पैसे तुमच्या मुलांचे."

बाईंनी चष्मा काढला.

"हे मला कमिटीला कळवावं लागेल. हा अर्ज इथेच थांबेल. पुढचं मी आज सांगू शकत नाही."

पडदा काळा झाला.

"तू सगळं घालवलंस!" क्षितिजा ओरडली आणि आतल्या खोलीत गेली. मुक्ता तिथेच बसून राहिली. जिन्यात कुणाचे तरी बूट वाजले, तशी परत धाडायला कुणी आलं की काय, म्हणून ती दचकून उभी राहिली. पावलं वरच्या मजल्यावर गेली.

मुक्ता ड्युटीला निघाली तेव्हा क्षितिजा दारात आली. डोळे सुजलेले.

"आई, त्यांनी अजून एक प्रश्न विचारला असता ना, तर मी खोटं बोलले असते." आणि ती आईच्या गळ्यात पडली.

आठवड्याने पत्र आलं: अर्ज रद्द, पुढे कारवाई नाही. क्षितिजाने मग रत्नागिरीच्या कॉलेजात नाव घातलं. पण त्या संध्याकाळी मुक्ताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात पहिल्याच खुर्चीत बिल्कीस नावाची हैदराबादची म्हातारी तपासणीसाठी रक्त द्यायला बसली होती. मुक्ताने तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उचलली. सुईचं टोक थरथरत होतं.

तिने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि पट्टा सोडला.

"अम्मा, दो मिनट रुकना पडेगा. मेरा हाथ काँप रहा है."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "रुक जाते, बेटा. जल्दी किसको है?"

मुक्ताने स्टूल ओढलं. दोघी समोरासमोर बसून राहिल्या. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. मुक्ता आपल्या बोटांकडे पाहत होती. ती स्थिर झाल्यावर तिने नवी सुई उघडली.