दादासाठी तीस व्होल्ट

"मेन बंद केलाय मी! आता कुणी कशाला हात लावू नका!"

वहिनी आतून ओरडल्या तेव्हा मी दारात चपला काढत होतो. वास तिथपर्यंत आला होता. ट्रान्सफॉर्मर जळल्याचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही. लाख, कागद आणि डांबर एकाच कढईत करपल्यासारखा.

मागच्या खोलीत धूर पंख्याखाली थांबला होता, कारण पंखाही थांबला होता. दादा टेबलाशी उभा होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर, समोर लाकडी पेटीतला जुना वॉल्व्हचा रेडिओ, मागचं झाकण काढलेलं. त्याने आधी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बारक्या," तो म्हणाला, "कंडेन्सर बघितलाच नाही रे मी."

मी सहासष्ट वर्षांचा आहे. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, केस होते तिथे आता टोपी असते. तरी त्याच्यासाठी मी बारक्याच. त्या दिवशी ते ऐकून बरंच वाटलं. निदान मी कोण हे त्याला ठाऊक होतं.

तीस वर्षं बंद पडलेला सेट थेट भिंतीतल्या विजेवर लावायचा नसतो. आतले कंडेन्सर सुकलेले असतात, वीज मिळताच एखादा शॉर्ट होतो आणि दहा सेकंदांत ट्रान्सफॉर्मरची राख. ही या धंद्यातली पहिली इयत्ता. गावातल्या निम्म्या मेकॅनिकांना ती दादानेच शिकवलेली. पन्नास वर्षांत त्याच्या टेबलावर एक सेट जळला नव्हता. आता महिन्याभरात हा दुसरा.

रेडिओ शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा होता. त्यांच्या वडिलांचा. त्या दुसऱ्या दिवशी चौकशीला आल्या तेव्हा मी त्यांना बाहेरच गाठून खरं ते सांगितलं. त्या थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे त्यांच्याकडेच. त्यांना म्हणावं, घाई नाही मला." आणि आत न येताच गेल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी दादाच्या आजाराला दीड वर्षापूर्वी नाव दिलं होतं. वहिनी ते नाव घेत नसत. "यांचा विसराळूपणा वाढलाय," एवढंच म्हणत. पुतणी दुसऱ्या शहरात नर्स आहे. अशी माणसं ती रोज बघते, त्यामुळे तिच्याशी बोलताना आडपडदा ठेवायची सोयच नव्हती.

"काका, त्या खोलीला कुलूप लावा," ती फोनवर म्हणाली.

"कुलूप लावलं तर तो दिवसभर करेल काय?"

"जिवंत राहतील."

मी म्हटलं, "मला एक महिना दे. मी त्याला सप्लाय बनवून देतो."

"कसला सप्लाय?"

तिला सांगितलं तसंच इथे सांगतो. एक पेटी. तिच्यात भिंतीतली वीज शिरते आणि बाहेर पडताना पार निवलेली असते. शून्यापासून तीस व्होल्टपर्यंत, हवी तेवढी. त्यासाठी एक नॉब. दुसरा नॉब करंटचा. त्यावर हद्द ठरवायची: याच्या पलीकडे एक थेंब जाणार नाही. मग पुढे लावलेला सेट आतून कितीही बिघडलेला असो, माणसाने तारा उलट्या जोडो, चुकून एकमेकींना चिकटवो, काही जळत नाही. मीटरचा काटा हद्दीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. तीस व्होल्टने कोरड्या हाताला साधी मुंगीही चावत नाही.

"आणि वॉल्व्हचे सेट?" पुतणीने विचारलं. मेकॅनिकची मुलगी शेवटी.

"त्यांना तीस व्होल्ट पुरत नाहीत. ते सगळे मी माझ्या घरी नेतो. त्याच्याकडे फक्त सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर राहतील."

"बाबा ऐकतील?"

दादाने सुखासुखी ऐकलं नाही. मी वॉल्व्हचे सेट एकेक करून रिक्षात ठेवत होतो तेव्हा तो दारात कंबरेवर हात ठेवून उभा होता. "ने, ने. टेक्निकल शाळेत चौतीस वर्षं पोरांना मीटर वाटलेस आणि परत मोजून घेतलेस, तू आता मला शिकव."

खोटं नव्हतं ते. मी लॅबमध्ये मदतनीस होतो. दादासारखा हात मला कधी नव्हता. मला सोल्डरिंग त्यानेच शिकवलं, आणि माझा प्रत्येक जोड बघून तो म्हणायचा, "नाक शिंकरल्यासारखं करतोस."

तरी मी काम सुरू केलं. मुद्दाम त्याच्याच टेबलावर, सकाळी नऊ ते अकरा, कारण तेवढे दोन तास त्याचं डोकं बरंचसं साफ असायचं. शाळेने मोडीत काढलेल्या एका यंत्राचा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे होता. बाकी सुटे भाग त्याच्याच डब्यांत निघाले. पहिले चार दिवस तो पाठ करून बसला. पाचव्या दिवशी मी सर्किटच्या नकाशावर बोट ठेवून मुद्दाम चुकीचं बोललो, तेव्हा खुर्ची करकरली.

"उलटं वाचतोयस."

"असेल. मला कुठे येतं?"

"सरक."

तिथून पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले गेले, असं म्हटलं तर वहिनींना वाईट वाटेल, पण गेले. तो कालचं सगळं विसरून यायचा. रोज सकाळी "हे काय चाललंय?" विचारायचा. रोज मी पहिल्यापासून सांगायचो. फक्त तो सप्लाय कुणासाठी आहे हे सांगायचो नाही. रोज तो "कल्पना चांगली आहे" म्हणायचा आणि इस्त्री हातात घ्यायचा. आमच्यात सोल्डरिंगच्या हत्याराला इस्त्रीच म्हणतात. एकदा ती हातात आली की दादा पूर्वीचा दादा. वितळलेलं शिसं तारेभोवती पाण्यासारखं फिरून चकचकीत बसायचं. सकाळी नाश्ता केला की नाही हे त्याला सांगता आलं नसतं, पण तांबडा-तांबडा-काळ्या पट्ट्यांचा रेझिस्टर तो न बघता उचलायचा.

एका सकाळी मी मुख्य ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओ नव्हे, सप्लायमधला सुटा भाग, पेटीच्या मागच्या पत्र्यावर बसवला. सगळा करंट याच्यातून जातो, तो तापतो, म्हणून त्याला पत्र्याचा आधार द्यायचा. मी स्क्रू आवळून वीज लावणार, तेवढ्यात दादाने माझं मनगट धरलं.

"अभ्रकाची चकती कुठाय?"

मी प्लग खाली ठेवला. ट्रान्झिस्टरचं अंगच विजेशी जोडलेलं असतं. मध्ये अभ्रक घातला नाही तर सगळी पेटी जिवंत. ज्याच्या सुरक्षेसाठी पेटी बनवत होतो, त्याने मला थांबवलं होतं.

"विसरलो," मी म्हणालो.

"विसरून कसं चालेल?" तो रागाने म्हणाला. "विजेच्या कामात विसरायला परवानगी नाही." मग खाली वाकून तिसरा डबा उघडला, आतून नखाएवढी पारदर्शक चकती काढली, फुंकर मारून बसवली.

त्या दिवशी मी घरी जाऊन पुतणीला फोन केला आणि वेड्यासारखा बोलत राहिलो, की तुझ्या बाबांचं सगळं आत आहे, शाबूत आहे, फक्त बाहेर यायला वेळ लागतो. ती ऐकून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "काका, चांगले दिवस असतात. म्हणजे बरं होतंय असं नसतं."

सप्लाय पूर्ण झाला त्या दिवशी वहिनींना बोलावलं. लाल आणि काळं अशी दोन टर्मिनल. मी हद्द शंभर मिलिअँपवर ठेवली आणि दादाला स्क्रू-ड्रायव्हर दिला. "शॉर्ट कर."

"वेडा आहेस?"

"कर तर."

त्याने डोळे बारीक करून दोन्ही टर्मिनलांवर पातं टेकवलं. ठिणगी नाही, आवाज नाही. काटा शंभरावर आला आणि शहाण्यासारखा उभा राहिला.

"एवढंच?" दादा म्हणाला.

"एवढंच."

त्याने पुन्हा केलं. मग आणखी. सात-आठ वेळा. आणि हसायला लागला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ज्याची मला धास्ती, त्याच्याशी खेळतायत बघा." त्याही हसत होत्या, पण डोळे पुसायला आत गेल्या.

दोन महिने बरे गेले. दादा रोज टेबलाशी बसायचा. मी जुन्या बाजारातून बिघडलेले ट्रान्झिस्टर आणून द्यायचो, तो ते उघडायचा, सप्लायला जोडायचा. दोन तर त्याने खरोखर चालू केले. वहिनींनी खोलीत दर दहा मिनिटांनी डोकावणं सोडलं. भाजी निवडायला त्या ओट्यावर निवांत बसायला लागल्या.

मग तो सेट उघडायचा, पण जोडायचा नाही. मग नुसता नॉब फिरवत बसायचा. काटा वर, काटा खाली. एकदा मी गेलो तेव्हा त्याने पेटीचं झाकण काढलं होतं आणि आत भिंगातून बघत होता.

"कुणी बनवलंय हो हे?" त्याने मला विचारलं. "या बाजूचा हात फार चांगला आहे. पण हे डावीकडचे जोड बघा. कुणीतरी शिकाऊ दिसतो. नाक शिंकरल्यासारखे केलेत."

"शिकेल हळूहळू," मी म्हटलं.

"हो, हो. शिकतात." त्याने मला खुर्ची दिली. "बसा ना."

थंडी संपता संपता ते झालं. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. दादाने एक ट्रान्झिस्टर सप्लायला जोडला असावा, कारण तारा तशाच लावलेल्या सापडल्या. करंटचा नॉब मात्र त्याने पार शून्यावर फिरवून ठेवला होता. शून्यावर हद्द म्हणजे काहीच बाहेर येणार नाही. त्याने वाट पाहिली असेल, नॉब फिरवले असतील, नको तो फिरवला असेल. सेट मुका. मी पेटी केली होती ती जळू नये म्हणून, आणि ती अगदी चोख काम करत होती. मग त्याने दुसरी वायर घेतली, दोन्ही टोकं दातांनी सोलली, एक सेटला लावलं आणि दुसरं थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातलं.

वहिनींनी पडल्याचा आवाज ऐकला. हात झटकला गेला म्हणून वाचला. दोन बोटं भाजली, कोपर सुजलं.

मी पोचलो तेव्हा तो पलंगावर बसून पट्टी बांधलेली बोटं बघत होता. "तुमच्या डब्यातून वीजच येईना," त्याने माझ्याकडे तक्रार केली. "बाईंचा रेडिओ द्यायचाय मला. त्या खोळंबल्यात."

बाईंचा रेडिओ माझ्या घरी होता. त्याचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारं कुणी मला अजून मिळालं नव्हतं.

मी खोलीत जाऊन सप्लायसमोर बसलो. काहीतरी सुधारता येईल म्हणून शोधत राहिलो. करंटचा नॉब एका जागी पक्का करावा? दिवा लावावा? सॉकेटला झाकण? एकेक उपाय सुचत होता आणि प्रत्येकाच्या पलीकडे तो दातांनी वायर सोलताना दिसत होता. पेटीला जे जोडलंय त्याचीच पेटी काळजी घेते. भिंतीचं मी काय करणार होतो?

पुतणी रजा घेऊन आली. "मी म्हटलं नव्हतं?" असं ती एकदाही म्हणाली नाही. वडिलांची पट्टी तिने स्वतः बदलली, नखं कापली, आणि दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, कुलूप नको. त्यांना बसू दे तिथे, त्यांच्या वस्तूंत. फक्त त्या खोलीची लाइन तुम्ही काढून टाका."

"वायरमनला बोलवू या," मी म्हणालो.

"परका माणूस खोलीत काही तोडताना बघून बिथरतील ते. तुम्हीच करा."

मी मेन बंद केला, स्टूल घेतलं आणि दाराबाहेरचा बोर्ड उघडला. तिथे अंधारच असतो. डोळ्यांना काही दिसेना. मागे पावलं वाजली. दादा बॅटरी घेऊन आला होता. कुठून शोधली कुणास ठाऊक.

"धरू का?"

"धर."

त्याने चांगल्या हातात धरली. उजेड बरोबर स्क्रूवर पडला आणि जरासुद्धा हलला नाही.

"ही कुठली लाइन?"

"मागच्या खोलीची."

"काढून टाकताय?"

"हो."

"का?"

वहिनी आणि पुतणी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोघींपैकी कुणी माझ्या मदतीला येईना. "जुनी झालीय," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. जुनी लाइन काढावीच लागते, हे त्याला पटलं. मी पक्कड लावली, दोन्ही वायरी तोडल्या, टोकांना टेप गुंडाळली आणि आत ढकलली. तो टाचा उंचावून जवळ आला आणि बोर्डात बघायला लागला.

"टोकं उघडी नाहीत ना राहिली?"

"नाहीत."

"नीट बघा. बायकामाणसं आहेत घरात. कुणाचा तरी हात लागायचा."

मी टोकं परत बाहेर ओढली आणि टेपचा आणखी एक वेढा दिला. झाकणाचे चारही स्क्रू बसेपर्यंत तो बॅटरी धरून उभा राहिला.