शेवटच्या कडव्यातलं नाव

मुकादम पेपर वाचत होता आणि सहादेव दगड फोडत होता. एका घावात फुटणाऱ्या दगडावर त्याने सात घाव घातले, तेव्हा मुकादमाने मान वर केली.

"शाहीर, रस्त्याला खडी लागती. पीठ न्हाई."

आजूबाजूच्या बाया हसल्या. सहादेव हसला नाही. म्होरं वाच, एवढंच म्हणाला.

नगरचा पेपर तीन दिवसांचा शिळा होता, पण दुष्काळी कामावर शिळं-ताजं कोण बघतो. कर्जतचे नामवंत कलगीवाले शाहीर गनीभाई अल्पशा आजाराने वारले. पुण्याच्या रेडिओवर गायलेले ते तालुक्यातले पहिले शाहीर. मंत्र्यांच्या हस्ते शाल. 'घोडेगावच्या बाजारात' हे त्यांचे अजरामर गीत आज ज्याच्या त्याच्या ओठी आहे. गुरुवारी दुपारी शाळेच्या पटांगणात शोकसभा होईल व त्यांच्या गीतांचे पुस्तक छापण्याचा ठराव होईल. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी एक ओळ : त्यांच्या सवालांना जवाब देणारे तुरेवाले शाहीर सहादेव हे अद्याप हयात आहेत.

"घ्या," मुकादम म्हणाला, "तुमचंबी नाव आलं."

सहादेवने दुसरा दगड पायात धरला. अद्याप हयात आहेत. गावाबाहेरची पडकी वेस अद्याप उभी आहे, तसे. पण त्याला झोंबलं होतं ते हे नव्हे. त्याला झोंबलं होतं ते 'त्यांचे अजरामर गीत'. ते गाणं गनीचं नव्हतंच. सहादेवचं होतं.

कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष. जत्रेत दोन्ही फड समोरासमोर बसायचे. एकाने गाण्यातून सवाल घालायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि जो आधी गप्प बसला तो हरला. गनी कलगीचा, सहादेव तुऱ्याचा. पंचवीस वर्षं दोघे एकमेकांच्या उरावर बसून गायले. गनीचा गळा असा, की नुसती तान घेतली तरी रडतं पोर गप्प व्हायचं. सहादेवचा गळा फुटक्या मडक्याचा. पण जुळवणी त्याची. शाळेची पायरी न चढलेला माणूस, गुरांमागे फिरता फिरता अशा ओळी जुळवायचा की ऐकणाऱ्याने मांडीवर थाप मारावी. लोकांना त्याचं काय? लोकांना गळा कळतो. अक्कल कळायला अक्कल लागते.

हे गाणं तर त्याने गनीची जिरवायलाच केलं होतं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दोघांचा सामना लागला. गनी नवा फेटा बांधून, त्यावर जरीची कलगी खोवून नवरदेवासारखा बसला होता. समोर एक म्हातारा बैल शिंगं रंगवून विकायला उभा केलेला. सहादेवने एकदा बैलाकडे बघितलं, एकदा गनीकडे, आणि चढ्या चालीवर उडवून दिलं :

घोडेगावच्या बाजारात गं बैल इकला जोडीचा
वळून वळून बघतो, रस्ता सोडंना तो वाडीचा

आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव :

सहादेव म्हणे, रंगवून शिंगं बैल का हुतो गाडीचा

बाजार लोळून हसला. गनी त्या दिवशी हरला. जन्मात एकदाच हरला म्हणा ना.

पुढे महिन्याभराने गनीने राहात्याला तेच गाणं गायलं. दुसऱ्याचं गाणं गायला कुणाची बंदी नव्हती. फक्त शेवटचं नाव गाळायचं नाही. गाळलं तो चोर. गनीने नाव गाळलं नाही. त्याने चाल बदलली. ती टिंगल त्याने इतकी सावकाश, इतक्या खालच्या पट्टीत म्हटली, की कडव्यागणिक बैल लांब जाताना दिसावा. राहात्याचे व्यापारी उपरण्याने डोळे पुसायला लागले. त्या दिवसापासून गाणं गनीचं झालं. आता दुष्काळात ज्याने ज्याने दावणीचं जनावर बाजाराला नेलं, त्या सगळ्यांचं झालं. एका सहादेवचं तेवढं राहिलं नाही.

आणि आता छापणार होते. तोंडचं गाणं आज याच्या तोंडी, उद्या त्याच्या. छापलं की मात्र संपलं. कागदाशी भांडता येत नाही, आणि सहादेवला तर तो वाचताही येत नव्हता.

गुरुवारी छबूबाईने रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, दोन लाल भाकरी फडक्यात बांधल्या आणि नवरा धोतर कसा नेसतोय ते बघत राहिली. कुस्तीला निघाल्यासारखा नेसत होता.

"मेलेल्या मानसाशी कसलं भांडन," ती म्हणाली. "फुलं वाहा, दोन शबुद बोला अन् या."

"बोलायलाच चाललोय."

"त्याचंच तर भ्या हाय."

"जित्ता हुता तवर त्योच जितला. आता मेल्यावर बी त्योच जितनार व्हय?"

छबूबाईने भाकरी त्याच्या हातात दिल्या. मग उंबऱ्यावरची धूळ पायाने बाजूला सारली.

पाच मैल चालताना सहादेवने भाषण पाठ केलं. मंडळी, गनी मोठा मानूस. पन त्ये गानं माजं हाय. पुस्तकात माजं नाव घाला. इतकं आणि इतकंच. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

पटांगण गच्च भरलं होतं. सहादेवचे डोळे आधी माणसांवर गेले. कर्जतच्या बाजाराला एवढी माणसं जमत नव्हती. कामावरून सुटून आलेल्या बाया, अंगावर तशीच धूळ. आपल्या मरणाला किती येतील, हे त्याच्या मनात आलं आणि मुकादम, छबूबाई, पोलीस पाटील इथपर्यंत येऊन थांबलं. खुर्चीवर गनीचा फोटो होता, रेडिओवाल्यांनी काढलेला. फोटोतसुद्धा तो गाण्याआधी घसा खाकरल्यासारखा तोंड करून बसला होता.

भाषणं सुरू झाली. मेलेल्याबद्दल खोटं बोलायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या सभापतीने गनीला कधी चहा पाजला नव्हता, त्याच्या मांडीला मांडी लावून गनी जेवत असे, असं कळलं. एका दुकानदाराने गनीला धाकटा भाऊ करून टाकला. हा चाळिशीचा, गनी साठीचा. गनीचा सख्खा भाऊ खाजाभाई पुढेच बसला होता, तो नुसता जमिनीकडे बघत होता.

मग शाळेच्या राधाकृष्ण गुरुजींनी सहादेवचं नाव पुकारलं. पुस्तकाचा खटाटोप यांचाच. गनीभाईंचे कट्टर विरोधक आज डोळ्यांत पाणी घेऊन आले आहेत, असं ते म्हणाले. सहादेवचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

तो उभा राहिला. बोलण्यात हे लोक आपल्याला हरवणार, हे त्याला कळून चुकलं. म्हणून त्याने ठरवलं, बोलायचं नाही, गायचं. ज्या चालीत केलं त्याच चालीत. बघू दे लोकांना गाणं मुळात कसं होतं ते. त्याने गनीच्या डफवाल्याला, भीमाला खूण केली आणि चढ्या सुरात पहिली ओळ टाकली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. भीमाचा हात डफावर अडखळला आणि थांबला. पुढे बसलेल्या एका म्हातारीने, अगदी मायेने, मोठ्याने सांगितलं,

"बाबा, चाल चुकली तुमची."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भीमाने सावकाश थाप धरली, गनीची थाप, आणि मान हलवून सहादेवला वाट दाखवली. नव्या बैलाला सवयीचा बैल सोबत ओढून नेतो तशी. सहादेव दोन ओळी त्या थापेशी झगडला. मग त्याचा फुटका गळा आपोआप खाली उतरला. आपलंच गाणं त्याने दुसऱ्याच्या चालीत, दुसऱ्याच्या डफावर, दुसऱ्याच्या शोकसभेत म्हटलं. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. आणि गाता गाताच त्याला कळत होतं की ही चाल बरी आहे. त्याच्या चालीपेक्षा बरी आहे. तेवढ्यासाठी त्याला फोटोतल्या त्या माणसाची मुंडी मुरगाळावीशी वाटली.

शेवटच्या कडव्याला मात्र त्याने सगळा जीव लावला. सहादेव म्हणे. एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा छातीवर हात मारून म्हटलं. गाणं संपलं.

राधाकृष्ण गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुढे आले.

"मंडळी, ऐकलंत? गनीभाईंनी आपल्या सर्वांत मोठ्या गाण्यात नाव घातलं, ते कुणाचं? स्वतःचं नाही. आपल्या विरोधकाचं! एवढं मोठं मन कुठं बघितलंय?"

टाळ्या पडल्या. म्हातारीने दोन्ही हात जोडून फोटोला नमस्कार केला. सहादेवला क्षणभर काय झालं ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याने गुरुजींचं मनगट धरलं.

"गुरुजी. गानं माजं हाय."

गुरुजींनी त्याला कडकडून मिठी मारली. "तुमचंच!" ते लोकांकडे वळून म्हणाले. "गनीभाईंनी तुम्हालाच दिलं ते!"

पुन्हा टाळ्या. ठराव एकमताने पास झाला. पहिलं गाणं हेच, आणि प्रस्तावनेत गनीभाईंच्या दिलदारपणाचा हा दाखला. सहादेवने पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर सभापती आपल्या मानाच्या नारळाच्या शोधात खाली उतरले होते आणि लोक चपला शोधत होते. एकाने तर त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, नशीबवान हायस गड्या, तुला असा दुश्मन मिळाला.

फडक्यातल्या भाकरी तशाच होत्या. तो फाटकाकडे निघाला तेव्हा खाजाभाईने गाठलं. भाबीनं बोलावलंय, म्हणाला, घरला दोन पावलं या. सहादेवची इच्छा नव्हती. पण मयताच्या घरून बोलावणं आलं तर नाही म्हणायची रीत नाही, आणि एवढ्या लोकांत वर हलकटही ठरायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

गनीची बायको बानू इद्दतीत बसली होती. चार महिने दहा दिवस विधवेने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. त्यामुळे आतल्या दाराला चादर लावली होती. सहादेव बाहेरच्या खोलीत सतरंजीवर टेकला. खाजाभाई चहाचं बघायला गेला. खुंटीला डफ होता. भिंतीवर मंत्र्यांच्या शालीचा फोटो होता. सहादेवने त्याच्याकडे पाठ केली.

"सहादेवभाऊ," चादरीमागून आवाज आला, "सभेतलं समदं हितं ऐकू आलं. भोंगा लई मोठा लावला हुता."

सहादेवने भाकरीचं फडकं मांडीवर ओढलं.

"तुमी म्हनला, गानं माजं हाय. खरंच हाय. आमचे ह्येबी पयल्यापासून हेच सांगायचे. ज्याला त्याला सांगायचे. लोक म्हनायचे, बगा किती नम्र हाय."

आत बांगड्या नव्हत्या, म्हणून ती हलली की नाही ते कळत नव्हतं. ती पुढे बोलली. आता हळू, जणू माणूस घरात झोपलाय.

"पन एक सांगते. कुनाला सांगितलेलं न्हाई. त्यांनी दोनशे गानी केली स्वतःची. कुटंबी जावा, लोक एकच मागायचे. तुमचं. गाऊन आले की डफ फेकायचे त्या कोपऱ्यात. रेडिओवर गेले, त्या सायबानं बी तेच मागितलं. परत आल्यावर दोन दिस जेवले न्हाईत. म्हनायचे, मेल्यावर बी लोक माजं म्हनून त्याचंच गातील. मी म्हनलं, मग शेवटचं नाव गाळा की. तर म्हनायचे, गाळलं तर चोर हुईन, अन् घेतलं तर रोज मरन. लई जळायचे तुमच्यावर. दुखन्यात शेवटी शेवटी तर तुमचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करायचे."

सहादेव सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला होता. तो थांबला. मग पुन्हा गुंडाळायला लागला, उलट्या बाजूने.

खाजाभाई चहा घेऊन आला. सहादेवने बशीत ओतून, फुंकर न मारता, एका घोटात संपवला. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं. त्याने फडकं सोडलं आणि कोरडी भाकरी मोडून खायला लागला. खाजाभाई आत जाऊन कांदा घेऊन आला, तो सहादेवने मुठीने फोडला. तिकडची शेवटची यष्टी आता निघंल, खाजाभाई म्हणाला, फाट्यापर्यंत सोडतो चला.

"जाऊ द्या यष्टी," सहादेव म्हणाला. "चालत जाईन."

त्याने घास गिळला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि सतरंजीवरच पुढे सरकून चादरीच्या अगदी जवळ जाऊन बसला.

"भाबी," तो म्हणाला, "त्ये रेडिओचं नीट सांगा. पयल्यापासून. पुन्याहून आला, मग काय म्हनाला?"