एका अक्षराची जागा

दारात फ्लेक्स लावायचा नाही, हे शिवांजलीनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. एके काळी तेलगावात तिच्या वडलांच्या, सिद्धाराम पेंटर अप्पांच्या हातची पाटी नाही असं दुकान नव्हतं. त्या पाट्या फ्लेक्सनंच झाकल्या. आणि आता ते गेल्यावर त्यांच्याच शिवगणाराधनेला फ्लेक्स?

गुरुपादकाका एवढंच म्हणाले, "उद्या माणसं येतील. राधाकिशनकडं जाऊन तर ये. त्यानं बोलावलंय तुला."

ती पुण्याच्या कॉलेजात दृश्यसंवाद शिकवायची. म्हणजे नेमकं काय, हे लोकांना सांगताना तिची दमछाक व्हायची. अप्पांना मात्र लगेच कळलं होतं. "म्हंजी पाट्या कशा बोलत्यात ते बघायचं." नऊ वर्षं ती जिल्हाभर हिंडून रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढत होती, प्रत्येक पाटीला फूटपट्टी लावून. विद्यार्थ्यांना कॅमेरा पिशवीत ठेवायला लावून एका पाटीसमोर तासभर नुसतं उभं करायची. आधी मोजा, मग बोला. चूक दिसली तर दुरुस्त करू नका, नोंदवा. अप्पांच्या वळणावरून ती संगणकासाठी अक्षरांचा एक संचही घडवत होती. तो पुरा करायचा म्हणून दिवाळीनंतर ती गावी आली नव्हती. सतरा फेब्रुवारीला अप्पा गेल्याचा काकांचा फोन आला, तेव्हा ती 'ळ'ची गोलाई घासत बसली होती.

राधाकिशनचं फ्लेक्सचं दुकान स्टँडसमोर होतं. तिला बघताच तो उठला, खुर्ची पुसली आणि उभाच राहिला.

"ताई, रागावू नका. अप्पांचा फ्लेक्स तयार हाय."

"कुणी सांगितला करायला?"

"त्यांनीच."

त्यानं फाइल उघडली. हार नाही, कमळ नाही, ढगातून येणारे किरण नाहीत. पांढरी जमीन, तांबडी चौकट आणि काळी अक्षरं. सवयीनं तिनं आधी अक्षरं बघितली. वळण अप्पांचं होतं, पण उभी रेघ खाली येताना थरथरली होती. मग तिनं वाचलं. 'लिंगैक्य सिद्धाराम.' स्वतःच्या नावाआधी 'कैलासवासी' त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. ती खुर्चीत बसली.

"कागदावर लिवून आणलतं," राधाकिशन म्हणाला. "मी नुसतं स्कॅन केलं. लई चिकट गिऱ्हाईक, ताई. काचेवर पट्टी लावून मोजायचे. पाडव्याच्या दिशी तीन तास बसलते हितं."

दिवाळीच्या पाडव्याला ती घरातच होती. दाढी करून येतो म्हणून अप्पा गेले होते आणि दुपारी तसेच, दाढी वाढलेले परत आले होते. "न्हावी झोपला होता का हो?" असं तिनं विचारलं होतं. सगळे हसले होते. अप्पाही.

"पण तेव्हा कशाला?"

राधाकिशननं तिच्याकडं नीट बघितलं. "माजलगावच्या डॉक्टरनं सांगितलतं की दसऱ्यालाच. तुमाला ठाऊक न्हाई?"

तिची नजर खालच्या ओळीवर अडकली होती. 'दि.' नंतर आकड्यापुरती मोकळी जागा होती आणि तिच्यापुढं चौकटीला लागून एकच अक्षर. मे.

"मे?"

"मीबी तेच इचारलं. म्हणलं, अप्पा, दिवस मोकळा सोडला, मंग महिना कावून टाकता? तर म्हणले, पोरीला मेमधी सुट्टी लागती. तवर धरतो दम. तिचं काम कावून मोडायचं? मी म्हणलं, यमाला काय कॉलेजचं टाइमटेबल दिलंय का? लई हसले बघा." मग हळूच म्हणाला, "फेब्रुवारी टाकू ना, ताई?"

तिनं पिशवीतून फूटपट्टी काढली आणि पडद्यावर धरली. याला काही अर्थ नाही हे तिला कळत होतं, तरी दोनदा मोजलं. जागा एका अक्षराची होती.

"बसत नाही."

"बारीक करतो की अक्षर."

"नको." लहानपणी वहीत जागा पुरली नाही म्हणून अक्षर चेंगरलं, तर अप्पा तिच्या हातावर पट्टी मारायचे. त्यांचं माप चुकलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. "महिना पुसा. बाकी कशालाच हात लावू नका."

दुपारी तिनं फ्लेक्स अंगणात पसरला. माळ्यावरचा अप्पांचा पत्र्याचा डबा काढला, काळ्या रंगाचं झाकण खिळ्यानं उचकटलं. ही अक्षरं तिनं हजारदा मोजली होती, त्यांच्यावर निबंध वाचले होते. ब्रशनं मात्र एकदाही लिहिली नव्हती.

सतरा बसले. 'फे' बसला. 'ब्रु' चौकटीवर चढला. 'वा' तांबडी रेघ ओलांडून कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेला.

काका मागं येऊन उभे राहिले. "अगं, चौकटीच्या बाहीर चाललंय की."

"त्यांनी मेपुरतीच जागा सोडली होती," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, काका?"

काकांनी मान खाली घातली. मग वाकून फ्लेक्सची वाऱ्यानं उडणारी कड पायानं दाबून धरली.

तिनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि 'री' लिहायला घेतली.