कोकिळाबाईंचा कप

"तोंडानं सोडलं म्हणून नाई भागत, वंदे. त्याचे पैसे हातानं डब्यात टाका लागते. मंगच नेम होते."

सासूचं हे जुनं बोलणं कानात घुमलं आणि तुळशीभोवती फिरता फिरता वंदना थबकली. ही सातवी प्रदक्षिणा की आठवी? सोनाळ्याच्या या अंगणात वीस वर्षांत तिची मोजणी कधी चुकली नव्हती. आज दुसऱ्यांदा चुकली. तिनं तुळशीला हात जोडले आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

लेक काजल तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. चातुर्मास लागला आणि आळीतल्या बायकांनी वांगी सोडली. "वांगे सोडून काय उजेड पाडला व? तसेबी किडकेच निघतात," सासू कोकिळाबाई हसल्या. "आपण चहा सोडू." चहा म्हणजे त्या माउलीचा जीव की प्राण! दिवसातून चार कप, तेही बशीत ओतून, फुर्र करून. सासूसुनेनं चहा सोडला. वाचलेले पैसे डब्यात आणि डब्यातले पोस्टात जाऊ लागले, काजलच्या शिक्षणासाठी. कार्तिक आला, बाकीच्यांनी वांग्याचं भरीत केलं, पण कोकिळाबाई हटल्या नाहीत. "पोरीच्या कॉलेजची पावती देवापुढं ठेवन, मंगच घोट घेईन."

गेल्या माघात त्या गेल्या. जाताना सुनेचा हात धरून म्हणाल्या, "पावती आली की माह्या कपात चहा ओतजो." वंदनानं "हो आई" म्हटलं होतं.

आता काजलचं नाव शेगावच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं होतं. फी भरायचा आज शेवटचा दिवस. आणि काल संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, दीपकनं, पोस्टातून पैसे काढायचा फॉर्म तिच्यापुढं ठेवला होता. पैसे हवे होते ते थोरल्या हर्षलसाठी. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा त्याला तिसऱ्यांदा द्यायची होती आणि अकोल्याच्या क्लासवाल्यानं जागा धरून ठेवली होती.

"पोरगी पुढच्या सालीबी शिकन," दीपक म्हणाला होता. "पोराचं वय निघून चाललं."

सासू गेल्यावर खातं वंदनाच्या एकटीच्या सहीवर आलं होतं. नवऱ्यासमोर तिनं आवाज कधी चढवला नव्हता. तिनं सही केली. तेव्हापासून जिवाला थारा नव्हता. निरांजन लावताना तीन काड्या विझल्या. दूध उतू गेलं. भाकरी थापता थापता तुटली.

काजल कागदांची फाईल मांडीवर घेऊन पहाटेपासून तयार बसली होती. "मम्मी, जाऊन राह्यलो ना आपण?"

"वेणी घाल आधी," वंदना म्हणाली. पोरीकडं बघवेना.

दीपक कृषी केंद्रात कामाला निघायच्या तयारीत होता. फॉर्म सदऱ्याच्या खिशात होता, दिसत होता. तिनं त्याच्यापुढं कपबशी ठेवली.

"तूबी घे ना घोटभर," तो म्हणाला. "आई गेली, आता कायचा नेम? उगी सुतक पाळल्यावानी काऊन राह्यतं?"

वंदनानं पदर सावरला. बोलली ती इतकी हळू, की त्याला कप खाली ठेवून ऐकावं लागलं.

"शेवटच्या दिवशी तुम्ही आईच्या ओठाले कप लावला होता."

"मंग?"

"तुमच्या हातचा होता. तरी त्यायनं तोंड मिटून घेतलं."

दीपक बशीकडं बघत राहिला. चहावर साय धरली. आईचे ते घट्ट मिटलेले ओठ त्यानंही पाहिले होते. तेव्हा तो चिडला होता. 'मरतानाबी हट्टच!' असं म्हणून बाहेर निघून गेला होता.

"हर्षलले काय सांगू मी?" त्यानं विचारलं.

"सांगीन मी."

"रागावन तो."

"रागावू द्या. माह्याच पोटचा हाय."

तो उठला. खिशातून फॉर्म काढून त्यानं कपाजवळ ठेवला, वहाणा घातल्या आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

फळीवरचा फोन गुरगुरू लागला. हर्षलच होता. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. आता उचलला तर पाय अडखळतील. पावती हातात आल्यावर बोलू.

मांडणीवरून तिनं कान तुटका कप काढला. सासूचा. राखेनं घासला, धुतला आणि देवघरात पालथा घातला. पासबुक पिशवीत टाकलं, त्यात तो फॉर्म सरकवला.

"चाल काजल," ती म्हणाली. "पहिले पोस्ट, मंग शेगावची बस."

फोन पुन्हा गुरगुरला. वंदनानं दाराची कडी हळूच ओढून घेतली.